लेकाचा हिरो आणि आजींचा प्रश्न

ताई, आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो. इथे येऊन चौदा वर्षं झाली. मुलगा बारा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या संघांत, बेसबॉल खेळतो. एप्रिलमध्ये शाळेत ‘माझा हिरो’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं, त्यासाठी त्याने रॉबेर्तो क्लेमेंते निवडला, भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेलेला इथला बेसबॉलपटू. भाषण होऊन दोन महिने झाले, पण क्लेमेंते काही घरातून जात नाही. शर्टावर त्याचाच एकवीस नंबर. शाळेतली मुलं त्याच्या चार अक्षरी नावाचं एकच अक्षर ठेवून हाक मारायची, तर आता सगळ्यांना पूर्ण नाव घ्यायला लावतो. नव्या बॅटसाठी साठवलेले 240 डॉलर ‘भूकंपवाल्यांना’ द्यायचे म्हणतो. कुठल्या भूकंपाला, ते विचारलं तर गप्प. आणि परवा जेवताना म्हणाला, मोठा झालो की मीही असाच विमानात बसून जाणार. माझा हात तिथेच थबकला.

सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, “तीन लहान लेकरं घरी टाकून, वर्षाच्या शेवटच्या रात्री निघून गेला आणि समुद्रात गेला. तो कसला थोर? माणसाने आधी घरच्यांचं बघावं.” मुलगा रडत वर निघून गेला. तेव्हापासून आजी-नातवाचं बोलणं कामापुरतं झालंय. हे म्हणतात, वयच तसं आहे, जाईल आपोआप. मला खरं सांगायचं तर सासूबाईंचं म्हणणं मनातून पटतं, पण लेकाचा हिरो त्याच्यापासून काढून घ्यायला हात होत नाही. काय करू?
— पिट्सबर्गची एक आई

नमस्कार,

नावाबद्दलचं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मी तिथेच अडखळले, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

क्लेमेंते 1955 साली पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाकडून खेळायला उतरला तेव्हा वीस वर्षांचा होता. पोर्तो रिको बेटावरच्या कारोलिना गावचा, सात भावंडांत शेंडेफळ. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते. सांगलीच्या माणसाला यातला ‘उसाचा मुकादम’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही, हे आपलं मनात आलं म्हणून लिहिलं. पोराची भाषा स्पॅनिश, इंग्रजी जेमतेम. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याचं ‘बॉब’ करून टाकलं, ‘बॉबी’ करून टाकलं. मुलं जमवतात त्या बेसबॉलच्या कार्डांवरही कित्येक वर्षं बॉब क्लेमेंते असंच छापून येत होतं. मुलाखत दिली की त्याचं बोलणं उच्चारासकट, चुकांसकट जसंच्या तसं छापायचे, वाचणाऱ्याला गंमत वाटावी म्हणून. तो दर वेळी सांगायचा, माझं नाव रॉबेर्तो आहे.

सरावासाठी संघ फ्लोरिडात जायचा. तिथे गोऱ्या खेळाडूंना हॉटेल, काळ्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी घरी खोली. प्रवासात गाडी खानावळीपाशी थांबली की गोरे आत जाऊन जेवणार आणि काळे बसमध्ये बसून वाट बघणार, कुणी खायला आणून देईल म्हणून. क्लेमेंतेने सांगितलं, हे असं बसून राहणं मला मान्य नाही, आणि इतरांनीही बसू नये. अखेर संघाला काळ्या खेळाडूंसाठी स्वतंत्र गाडी द्यावी लागली. भेदभाव त्याने संपला नाही, पण ती लाचारीची वाट बघणं संपलं.

तुमचा मुलगा परक्या देशात, परक्या उच्चारांच्या वर्गात उभा राहून आपलं चार अक्षरी नाव सगळ्यांना पूर्ण घ्यायला लावतोय. तुम्ही विमानाच्या गोष्टीने घाबरलात, आईचं मन घाबरणारच. पण या माणसाकडून त्याने जी गोष्ट खरोखर उचलली, ती हीच आहे, आणि ती तर तुमच्या डोळ्यांसमोर घडतेय. त्याचं थोडं कौतुक करा. घरातसुद्धा लाडाचं नाव जरा बाजूला ठेवून बघा.

आता आजींचा प्रश्न. आजींना गप्प करू नका आणि मुलाला ‘आजी जुन्या विचारांच्या आहेत’ असंही सांगू नका. त्यांनी विचारलं ते विचारायलाच हवं. वडील गेले तेव्हा मोठा रॉबेर्तो सात वर्षांचा, मधला लुईस सहाचा, धाकटा एन्रिके चारही पूर्ण नाही. हा हिशोब कुठल्याही पुतळ्याने भरून निघत नाही. फक्त आजींनी निकाल आधी दिला आणि गोष्ट ऐकायची राहिली. ती त्यांना नातवाच्या तोंडून ऐकू दे. त्याने भाषणात सांगितली तशी पाच मिनिटांत नव्हे, निवांत, सगळी.

ती सगळी गोष्ट कशी आहे ते मी मला ठाऊक आहे तितकं लिहिते, कारण भाषणांत आणि शाळेच्या भिंतींवर तिचा मधला भाग गळतो.

1972 च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे भूकंपाच्या महिनाभर आधी, क्लेमेंते निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथे जाऊन राहिला होता. हौशी संघांची जागतिक स्पर्धा तिथे होती आणि पोर्तो रिकोच्या संघाचा तो व्यवस्थापक होता. सकाळी खिशात सुटी नाणी भरून तो गल्लीबोळांतून फिरायचा आणि भेटेल त्या गरिबाच्या हातावर ठेवायचा. पाय गमावलेला एक मुलगा त्याला तिथल्या रुग्णालयात भेटला, त्याला कृत्रिम पाय मिळावेत म्हणून त्याने खटपट केली. म्हणजे हे शहर त्याच्यासाठी नकाशावरचा ठिपका नव्हतं. तिथल्या माणसांचे चेहरे त्याला ठाऊक होते.

23 डिसेंबरला मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासात मानाग्वा हादरलं. नाताळ दोन दिवसांवर. लोक घरात झोपलेले. घरं लाकडी सांगाड्यात माती-दगड भरून बांधलेली, वर जड छप्पर. हजारो माणसं गेली, शहराचा मध्यभाग राहिलाच नाही.

हे लिहिताना माझ्यासमोर किल्लारी उभं राहतं. माझ्या पिढीच्या कुणालाही राहील. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. तिथेही ताकद जवळपास तेवढीच, तिथेही दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, तिथेही लोक झोपेत. मी तेव्हा सोलापुरात कॉलेजात होते. एनएसएसच्या पोरापोरींनी चार दिवसांत एक ट्रक जुने कपडे जमवले आणि आम्ही मोठ्या उत्साहाने निघालो. पोहोचलो तर रस्त्याच्या दोन्ही कडांना कपड्यांचे ढीग आधीच पडलेले, पावसात भिजून चिखलात गेलेले, त्यांना कुणी हात लावत नव्हतं. एक बाई जवळ आली, आमच्या ट्रककडे बघितलं आणि मला विचारलं, “बाळा, कंदील आणलाय का? रात्री पोरांना साप-किरडाची भीती वाटते.” कंदील आमच्याकडे एकही नव्हता. ती काही रागावली नाही. मान हलवून परत गेली. तीस वर्षं झाली, कुठेही मदत करायची म्हटलं की मला आधी तो कंदील आठवतो.

क्लेमेंतेचं पुढचं वागणं म्हणूनच मला फार जवळचं वाटतं. भूकंपाची बातमी कळताच त्याने पोर्तो रिकोत मदत समितीचं काम अंगावर घेतलं. सोबत गायिका रुथ फर्नांदेझ होती. सान हुआनच्या हिराम बिथोर्न स्टेडियममध्ये सामान जमा होऊ लागलं. तो टीव्हीवरून आवाहन करत होता, दारोदार फिरत होता, खोकी उचलत होता. नाताळही त्यातच गेला. सामान विमानांनी रवाना होऊ लागलं, आणि मग तिकडून बातम्या यायला लागल्या की ते लोकांपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा निकाराग्वावर अनास्तासियो सोमोसा या हुकूमशहाची पकड होती. विमानतळावर आलेली मदत त्याचं नॅशनल गार्ड ताब्यात घेत होतं. जगभरातून आलेल्या त्या मदतीवर ज्या तऱ्हेने डल्ला मारला गेला, तो राग लोकांच्या पोटात राहिला आणि 1979 मध्ये सोमोसाची राजवट उलथली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

क्लेमेंतेला वाटलं, मी स्वतः सामानाबरोबर गेलो तर ही माणसं हात लावायला धजणार नाहीत. निकाराग्वातही बेसबॉलचं वेड आहे, त्याचा चेहरा तिथला शिपाईसुद्धा ओळखत होता. तो विमानात बसला याचं कारण हे आहे. त्याला मोठेपणा मिरवायचा नव्हता आणि संकटाची हौसही नव्हती. लोकांनी विश्वासाने दिलेलं ज्याचं त्याला पोहोचलं का, एवढं डोळ्यांनी बघायचं होतं. आजींना हे सांगितलं की त्या काय म्हणतात, हे मला कळायला आवडेल. हिशोब चोख ठेवणाऱ्या बायकांच्या पिढीतल्या आहेत त्या.

आणि आता तो भाग, जो तुम्ही मुलाला सांगितला नसेल असा माझा अंदाज आहे. तो सांगाच.

ते विमान उडण्याच्या लायकीचं नव्हतं. जुनं डीसी-7 मालवाहू विमान. त्याच महिन्याच्या सुरुवातीला जमिनीवरच अपघात होऊन त्याच्या पंख्यांचं नुकसान झालं होतं. 31 डिसेंबरला त्यात भरलेलं वजन मर्यादेपेक्षा चार हजार पौंडांहून जास्त होतं. सहवैमानिकाच्या जागी विमानाचा मालक बसला होता, त्याच्याकडे त्या विमानाचा परवाना नव्हता. इंजिनांवर लक्ष ठेवणाऱ्या तंत्रज्ञाच्या जागीही त्या कामाचा रीतसर परवाना असलेला माणूस नव्हता. दिवसभर काही ना काही बिघाड निघत राहिला, उड्डाण लांबत राहिलं. रात्री नऊ वाजून गेल्यावर विमान सान हुआनहून उडालं आणि काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. आत पाच जण होते. क्लेमेंतेचा देह सापडला नाही. पायरेट्सचा कॅचर मॅनी सांगियेन हा त्याचा जिवलग. सगळे सहकारी श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला बसले होते तेव्हा हा पाणबुड्यांबरोबर समुद्रात बुड्या मारत त्याला शोधत होता.

क्लेमेंते अडतीस वर्षांचा होता.

सामान पोहोचेल का, हा प्रश्न ज्या माणसाने एवढ्या काळजीने विचारला, त्याने हे विमान पोहोचेल का, हा प्रश्न तेवढ्या काळजीने विचारला नाही. घाई होती, मनात आग होती, तिकडे माणसं उघड्यावर होती, आणि विमानं देणारे काही रांगेत उभे नव्हते. मी त्याला दोष द्यायला बसलेले नाही. पण तुम्ही मला विचारलंत म्हणून माझं मत स्वच्छ सांगते: त्याने जायला हवं होतं, त्या विमानातून जायला नको होतं. ही दोन वाक्यं तुमच्या मुलाच्या डोक्यात शेजारी शेजारी राहू शकतात. बारा वर्षांच्या मुलाला ती पेलतात. आपण मोठी माणसं उगाच एकच वाक्य निवडतो. आजींनी दुसरं निवडलं, मुलाने पहिलं, आणि दोघं दोन खोल्यांत जाऊन बसले.

मुलगा परत ‘मीही असाच जाणार’ म्हणाला, तर ‘नाही हं, असलं काही बोलायचं नाही’ असं म्हणू नका. ‘जा ना’ म्हणा. ‘पण विमान कुणाचं, किती जुनं, वजन किती भरलंय, चालवणारा कोण, हे विचारून जा. क्लेमेंतेचं राहून गेलं, ते तू कर.’ बघा तो काय करतो ते. मला वाटतं तो विमानांचीच माहिती काढत बसेल, आणि त्यात काही वाईट नाही.

हिरो काढून घ्यायचा प्रश्न उरत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मात्र तो देव होणार नाही, याकडे लक्ष द्या. देवाकडून काही शिकता येत नाही, हात जोडता येतात फक्त. क्लेमेंते मानी होता, चटकन दुखावला जायचा. 1960 साली पायरेट्सनी न्यूयॉर्क यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली. त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा आला, ते त्याला इतकं लागलं की विजेत्यांची ती अंगठी त्याने घातली नाही म्हणतात. पाठदुखी त्याला कायमची होती, तरुणपणी एका दारुड्याने त्याच्या मोटारीला धडक दिली होती तेव्हापासूनची. तो दुखण्याबद्दल बोलला की पत्रकार म्हणायचे, याला रोज नवा आजार. त्यावर तो चिडायचा आणि भांडायचा. आणि हाच चिडका माणूस ज्या गावी सामना असेल तिथल्या रुग्णालयात जाऊन आजारी मुलांना भेटायचा. चाहत्यांची पत्रं तो गावागावांप्रमाणे वेगळी काढून ठेवायचा, म्हणजे त्या गावी गेलं की कुठल्या पोराला भेटायचं ते ठरलेलं. 1970 मध्ये थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये त्याच्या सन्मानाची रात्र झाली, तेव्हा लोकांनी काही द्यायचंच असेल तर पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाला द्यावं, असं त्याने सांगितलं. मला त्याच्या शेवटच्या रात्रीपेक्षा या पत्रांच्या गठ्ठ्यांचं जास्त अप्रूप वाटतं. एक रात्र सगळ्यांना दिसते. हे काम तो वर्षानुवर्षं, कॅमेरे नसताना, दुखऱ्या पाठीने करत होता.

आजींसाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे.

17 ऑक्टोबर 1971. बाल्टिमोरमध्ये पायरेट्सनी सातवा सामना जिंकून वर्ल्ड सिरीज घेतली. साती सामन्यांत क्लेमेंतेने हिट मारल्या होत्या, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठला होता, मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. सगळी अमेरिका टीव्हीवर बघत होती. समोर माइक आला आणि इंग्रजीत बोलायच्या आधी तो म्हणाला, मला स्पॅनिशमध्ये काही सांगायचंय. आणि सांगितलं ते इतकंच: माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मुलांना माझा आशीर्वाद, आणि माझ्या आईवडिलांनी मला आशीर्वाद द्यावा.

पोर्तो रिकोत ही रोजची रीत आहे. घरातून निघताना, घरी आल्यावर, फोन उचलल्यावर मुलं मोठ्यांना ‘बेंदिसिओन’ म्हणतात, म्हणजे आशीर्वाद द्या, आणि मोठी माणसं म्हणतात, देव तुझं भलं करो. आपण वाकून नमस्कार करतो आणि आजी ‘औक्षवंत हो’ म्हणतात, त्याच्याहून यात वेगळं काय आहे? घर विसरलेला माणूस आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी, ज्या भाषेची टिंगल झाली त्याच भाषेत, आईबापांपुढे वाकत नाही. हे नातवाने आजींना सांगावं. शक्य झालं तर त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना आजींना ‘बेंदिसिओन’ म्हणावं. त्यांना अर्थ कळलेला असेल.

आजींनीही एक करावं, माझं त्यांच्याकडे मागणं आहे असं सांगा. ‘कसला थोर’ ऐवजी नातवाला विचारावं, “त्याची बायको काय म्हणाली रे?” हा प्रश्न ऐकून मुलगा शोधायला लागेल आणि त्याला व्हेरा सापडेल. 1964 मध्ये त्यांचं लग्न झालं. मदतीच्या त्या धावपळीत ती त्याच्या बरोबरीने होती, त्या दिवशी विमानतळावर त्याला सोडायला तीच गेली होती. पदरात तीन मुलं घेऊन ती एकटी उरली. कारोलिनात गरीब मुलांसाठी क्रीडानगरी उभी करायची हे क्लेमेंतेचं स्वप्न होतं. सरकारकडून 304 एकर जागा मिळाली आणि व्हेराने ते काम पुढे कित्येक वर्षं ओढलं. ती 2019 मध्ये गेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची होऊन. भाषणांत तिच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येतं. घरच्यांचं काय झालं, हा आजींचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर गोष्ट तिच्यापाशी येऊन थांबते, आणि तिथे थांबायला हवंच. तिच्यासाठी आणि मुलांसाठी ही गोष्ट गोड नव्हती. तसं मुलाला सांगायला घाबरू नका.

आता 240 डॉलर.

पैसे त्याचे आहेत, देऊ द्या. पण ‘भूकंपवाल्यांना’ हा पत्ता नाही. त्याला म्हणा, क्लेमेंते आधी पत्ता बघायचा. तुमच्या गावात फूड बँक असेल, मुलांचं रुग्णालय तर शहरात आहेच. फोन त्याने स्वतः करायचा, तुम्ही फक्त शेजारी बसा. विचारायचं एकच, तुम्हाला सध्या काय कमी पडतंय? उत्तर बहुधा त्याच्या कल्पनेपेक्षा वेगळं येईल, डायपर किंवा पीनट बटर असलं काहीतरी. तेच घ्यायचं आणि जमलं तर हाताने नेऊन द्यायचं.

सगळे 240 मात्र देऊ नका. यावर तुम्ही आणि तो भांडाल, पण या एका बाबतीत मी तुमच्या बाजूने ठाम आहे. बॅट यायला हवी, साधी, वापरलेलीही चालेल. लोकांनी क्लेमेंतेच्या हाकेला ओ देऊन स्टेडियम सामानाने भरलं, कारण अठरा वर्षं त्यांनी त्याला खेळताना पाहिलं होतं. उत्तम क्षेत्ररक्षणाचे बारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, चार वेळा लीगचा सर्वोत्तम फलंदाज, राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूच्या, कोपऱ्यातून थेट तिसऱ्या बेसवर येणारी ती फेक. 30 सप्टेंबर 1972 ला त्याने 3000 वी हिट मारली, नियमित हंगामातली त्याची ती शेवटचीच ठरली, आणि आकडा कायमचा नेमका 3000 वर थांबला. बॅट टाकून तो फक्त भला माणूस झाला असता तर मानाग्वाच्या शिपायाने त्याला ओळखलं नसतं. मुलाला हे पटेल, खेळणारा पोरगा आहे.

तुमच्या यजमानांना वाटतं ते ‘जाईल आपोआप’ खरंही ठरेल. पुढच्या वर्षी भिंतीवर दुसरं कुणी असेल. असू दे. नाव पूर्ण घ्यायला लावण्याची सवय तेवढी राहिली तरी मी म्हणेन, क्लेमेंतेचे दोन महिने वाया गेले नाहीत.

शेवटी एक काम, तुमच्या तिघांसाठी. तुम्ही त्याच्याच गावात राहता, याचा मला हेवा वाटतो. आजी आहेत तोवर घरच्या मैदानावरच्या एखाद्या सामन्याच्या दिवशी निघा. सहाव्या रस्त्यावरच्या त्या पिवळ्या पुलाला 1998 पासून क्लेमेंतेचं नाव आहे. सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो, म्हणजे आजींना मधोमध रमतगमत चालता येईल. पलीकडे पीएनसी पार्कपाशी त्याचा पुतळा आहे. आत राइट फील्डची भिंत बरोबर एकवीस फूट उंच ठेवलीय, ती नातू दाखवेलच. पण आजींना आधी पुतळ्याच्या पायथ्याशी न्या. तिथे तीन मैदानांची माती ठेवली आहे, एक पोर्तो रिकोची, दोन पिट्सबर्गची. तिथे बसून त्याला सगळी गोष्ट सांगू द्या, व्हेरासकट, विमानासकट. तुम्ही मध्ये बोलू नका.

आणि फोनवर फूड बँकेने काय मागितलं, ते मला जरूर कळवा.